बालकवींची उदासीनता

जळगांवाहून भुसावळकडे आगगाडीनें निघालें म्हणजे वाटेंत भादली नांवाचें एक लहानसें स्थानक लागतें. ५ मे १९१८ रोजीं या स्थानकाजवळ एका सत्तावीस वर्षांच्या तरुणाचा गाडीखालीं सांपडून अंत झाला. तो तरुण म्हणजे त्र्यंबक बापूजी ठोंबरे, आपणां सर्वांचे बालकवि. 'फुलराणी' आणि 'श्रावणमास' ज्यांनीं लिहिलीं, त्यांचा शेवट असा व्हावा ही गोष्ट मनाला अजूनहि पटत नाहीं. बहुतेक चरित्रकार तो अपघातच मानतात. तरी संशयाची कुजबूज पुरती थांबलेली नाहीं. ती कां थांबत नाहीं, हाच आजचा प्रश्न आहे.

बालकवींचा जन्म १८९० सालीं धरणगांवीं झाला. वडील पोलिस खात्यांत असल्यामुळें बदलीबरोबर बिऱ्हाडहि हलत असे, आणि खानदेशांतलीं रानें, नद्या व खेडीं मुलाच्या डोळ्यांत भरत गेलीं. १९०७ सालीं जळगांवीं कविसंमेलन भरलें. अध्यक्ष होते डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. सतरा वर्षांच्या पोरानें तेथें कविता म्हटली, सभा थक्क झाली आणि त्याला 'बालकवि' ही पदवी मिळाली. पुढें रेव्हरंड नारायण वामन टिळकांनीं त्यांना अहमदनगरास आपल्या घरीं आश्रय दिला. लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रें'त हे ठोंबरे आईच्या मायेनें रेखाटलेले आढळतात.

परंतु या आनंदी कवीच्या अंतरीं दुसराहि एक सूर होता. एके ठिकाणीं ते स्वतःलाच विचारतात कीं, ही खिन्नता येते तरी कोठून? उत्तर त्यांस सांपडत नाहीं. 'पारवा' या कवितेंत पडक्या धर्मशाळेच्या आश्रयानें बसलेला पक्षी आहे, आणि त्याच्या घुमण्यांत कवीला जें दुःख ऐकूं येतें त्याला कारणहि नाहीं, उपायहि नाहीं. कारणावांचून येणारी ही उदासीनता कित्येक घरांना ओळखीची आहे. त्या काळीं तिला स्वभाव म्हणत. फार तर दैव म्हणत. मनोविश्लेषणाची पहिली भारतीय संस्था कलकत्त्यास १९२२ सालीं निघाली, आणि निराशेच्या विकारावरील पहिलीं औषधें १९५० नंतरच्या दशकांत आलीं. १९१८ सालच्या खानदेशांत अशा तरुणानें जावें तरी कोणाकडे?

मात्र आजच्या शास्त्राचें नांव त्यांच्या दुःखाला चिकटविण्याचा अधिकार आपणांस नाहीं. रोग्याला न पाहतां निदान करूं नये. दुसरीहि एक चूक टाळली पाहिजे. दुःख होतें म्हणून काव्य झालें, असें म्हणणें सोपें आहे, पण तें खोटें आहे. 'औदुंबर' ही अवघ्या आठ ओळींची कविता पाहा. झरा, गांव, शेतमळे, पायवाट, आणि शेवटीं पाण्यांत पाय सोडून बसलेलें तें झाड. प्रत्येक रंग जागच्या जागीं बसला आहे. एवढी नेमकी नजर मनाच्या अंधारांतून येत नाहीं. अंधार असूनहि जी जागी राहते त्या शक्तींतून ती येते.

आज कोणी मुलगा ओव्या रचीत नसेल, रॅप म्हणत असेल. पण घराच्या कोपऱ्यांत तो अबोल होऊन बसला, तर त्याला कविमनाचा म्हणून कौतुकानें एकटें सोडूं नये. त्याची विचारपूस करावी, वैद्याकडे न्यावें. बालकवींच्या जेमतेम दीडशेंहून थोड्या अधिक कविता आपल्या हातीं आहेत. त्या वाचून संपल्या म्हणजे पुढच्या कोऱ्या पानाचें मोल कळतें.