स्टेनगन खरेच बेभरवशाची होती का?

मोहाडी (जि. भंडारा) येथे विज्ञान शिकवणाऱ्या आमच्या एका शिक्षकमित्रांनी मध्यंतरी एक प्रश्न पाठवला. वर्गात वर्तमानपत्रातील एका बातमीवर बोलणे चालले होते. त्या बातमीत ‘स्टेनगन’ हा शब्द आला. एका मुलाने विचारले, “सर, स्टेनगन मधेच अडकते म्हणतात. मग ती सैन्यात घेतली तरी कशाला?” प्रश्न इतिहासाचा वाटतो खरा, पण उत्तर देताना संवेग, जडत्व आणि घर्षण हे तिन्ही धडे उघडावे लागतात.

आधी नावाचा घोटाळा दूर करू. मराठीत कोणत्याही आखूड स्वयंचलित बंदुकीला सर्रास स्टेनगन म्हणतात. आपल्याकडे पोलिसांच्या खांद्यावर वर्षानुवर्षे दिसत आलेली कार्बाइन मात्र स्टेन नव्हे. ती स्टर्लिंग या दुसऱ्या ब्रिटिश बंदुकीची, कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीत बनलेली आवृत्ती होय. या दोन बंदुकांमधील फरकातच मुलाच्या प्रश्नाचे उत्तर दडले आहे.

१९४० च्या जूनमध्ये ब्रिटिश सैन्य डंकर्कहून कसेबसे परतले, तेव्हा बरीचशी शस्त्रसामग्री फ्रान्समध्येच राहिली होती. स्वतःची सबमशीनगन ब्रिटनकडे नव्हती. अमेरिकेतून थॉम्पसन ऊर्फ टॉमीगन येत होती. ती मजबूत होती, पण जड आणि फार महाग. म्हणून १९४१ मध्ये एनफील्डच्या कारखान्यात शेफर्ड आणि टर्पिन या दोघांनी एक सोपी बंदूक आखली. दोघांच्या आडनावांची आद्याक्षरे आणि एनफील्डची पहिली दोन अक्षरे मिळून ‘स्टेन’ हे नाव झाले. पत्र्याच्या नळ्या, ठोकून काढलेले भाग, थोडे जोडकाम, एवढ्यावर ती तयार होई. तिचा एक प्रकार तर लाइन्स ब्रदर्स या खेळणी बनवणाऱ्या कंपनीने तयार केला. एका थॉम्पसनच्या किमतीत डझनभराहून अधिक स्टेन येत. युद्धकाळात अशा सुमारे ४० लाख बंदुका बनल्या.

ही बंदूक चाले कशी? काडतूस पेटले की गोळी पुढे जाते आणि तिच्यामागचा बोल्ट नावाचा जड लोखंडी ठोकळा मागे ढकलला जातो. ढोबळ आकडे घेऊ. गोळी ८ ग्रॅमची आणि तिचा वेग सेकंदाला ३७५ मीटर धरला, तर संवेग ३ किलोग्रॅम-मीटर प्रतिसेकंद होतो. बोल्ट ६०० ग्रॅमचा मानला, तर तेवढ्याच संवेगासाठी त्याचा वेग सेकंदाला फक्त ५ मीटर भरतो. गोळी नळीतून बाहेर पडेपर्यंत बोल्ट जेमतेम हललेला असतो. पुढे स्प्रिंग त्याला परत ढकलते, तो नवे काडतूस घेऊन पुढे जातो आणि बार उडतो. गुंतागुंतीच्या कुलपाचे काम इथे निव्वळ वस्तुमान करते. स्वस्ताईचे रहस्य ते हेच.

स्टेनच्या एका दुर्गुणाचे मूळही याच वस्तुमानात आहे. भरलेली स्टेन दस्त्यावर आपटली तर चाप न ओढताही बार उडू शकत असे. बस एकदम थांबली की आपण पुढे झुकतो, तसेच हे. बंदूक जमिनीवर थांबते, आतला बोल्ट मात्र जडत्वामुळे खाली म्हणजे मागे सरकतच राहतो. तो पुरेसा सरकला, की स्प्रिंग त्याला काडतुसासह पुढे फेकते. यावर नंतरच्या काळात बोल्ट अडकवून ठेवण्याची सोय करण्यात आली.

आता अडकण्याचे पाहू. बहुतेक वेळा दोष बंदुकीपेक्षा मॅगझिनचा, म्हणजे काडतुसांच्या पेटीचा असे. जुन्या जर्मन नमुन्यावरून घेतलेल्या या पेटीत ३२ काडतुसे दोन रांगांत बसत, पण बाहेर पडताना त्यांची एकच रांग व्हावी लागे. शाळा सुटल्यावर मुलांच्या दोन रांगा एकाच दारातून निघाल्या की काय होते, हे शिक्षकांना सांगायला नको. घर्षण वाढे. पेटीच्या पत्र्याचे ओठ किंचित वाकले, आत माती गेली किंवा सैनिकाने पेटीलाच मूठ समजून धरले, तरी काडतूस तिरके होई. म्हणून जाणते सैनिक दोन-चार काडतुसे कमीच भरत.

२७ मे १९४२ रोजी प्राग शहरात नाझी अधिकारी हायड्रिश याच्यावर गाब्चिकने स्टेन रोखली, पण ती चाललीच नाही. साथीदार कुबिशने बाँब फेकला आणि त्या जखमांनी हायड्रिश ४ जूनला मेला. स्टेन का चालली नाही, याविषयी आजही निरनिराळे तर्क होतात. पण तिच्या बदनामीत या प्रसंगाचा वाटा मोठा आहे.

मात्र चांगली बंदूकही पेटीच्या मर्यादेतून सुटत नाही. १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक यशवंत घाडगे एकटेच शत्रूच्या मशीनगनवर धावून गेले. त्यांच्या हाती थॉम्पसन होती. ती अडकली नव्हती, पण मॅगझिन बदलायला वेळ उरला नाही. बंदूक नळीकडून धरून त्यांनी उरलेल्या दोघांना दस्त्याने मारले. त्यानंतर लगेच लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी त्यांना मरण आले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉसची ही हकिगत वाचली की ‘भरवसा’ या शब्दाचे वजन कळते.

स्टर्लिंगचा जनक जॉर्ज पॅचेट याने नेमका हाच कच्चा दुवा धरला. त्याच्या वक्र मॅगझिनमध्ये ३४ काडतुसे बसत आणि ती एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून अशी आळीपाळीने थेट बाहेर पडत. दोन रांगांची एक करण्याची गरजच उरली नाही. काडतुसे वर ढकलणाऱ्या भागाला त्याने रूळ बसवले, म्हणजे घासण्याऐवजी गडगडणे आले. बोल्टवरील तिरक्या कडा आतली घाण खरवडून बाजूला सारत. ब्रिटिश सैन्याने ही बंदूक १९५३ मध्ये स्वीकारली आणि ती १९९४ पर्यंत वापरात होती. १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’ चित्रपटातील सैनिकांची शस्त्रेही स्टर्लिंगवरूनच सजवलेली होती.

आज या बंदुका जगभर संग्राहकांकडे आहेत. ब्रिटनमध्ये त्या निकामी करून, तसा दाखला घेऊन ठेवता येतात. अमेरिकेत १९८६ पूर्वी नोंदलेल्या चालू स्थितीतील बंदुका कायदेशीररीत्या खासगी हातांत आहेत आणि त्यांची किंमत फार मोठी असते. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार स्वयंचलित शस्त्रे प्रतिबंधित वर्गात येतात, त्यामुळे सामान्य माणसाने ती पाहायची ती संग्रहालयातच.

हे संग्राहक पुष्कळदा सांगतात, की चांगली मॅगझिन निवडली तर स्टेन छान चालते. हे म्हणणे खोटे नाही, पण पुरावा म्हणून ते तपासून घ्यावे लागते. वाईट बंदुका आणि वाकलेल्या पेट्या केव्हाच भंगारात गेल्या. उरल्या त्या निवडक, आणि त्या चालतात स्वच्छ मैदानावर, फुरसतीने. दहा पेट्यांतून एक निवडण्याची मुभा घाडग्यांच्या काळातील सैनिकाला नव्हती. नमुना कसा निवडला यावर निष्कर्ष अवलंबून असतो, हा धडा बंदुकीपुरता नाही. ‘पूर्वीच्या वस्तू किती टिकाऊ!’ असे आपण म्हणतो, तेव्हाही मोडलेल्या वस्तू आपल्यासमोर नसतात.

तेव्हा मोहाडीच्या त्या विद्यार्थ्याला आम्ही असे सांगू: होय, स्टेन अडकत असे आणि त्याची किंमत काहींनी जिवाने मोजली. तरीही ती घेतली, कारण १९४१ मध्ये तिच्याऐवजी चांगली बंदूक पुरेशा संख्येने मिळणार नव्हती. निवड स्टेन आणि रिकामे हात यांत होती. दोष नेमका कोठे आहे हे शोधल्यावर तो स्टर्लिंगमध्ये दूरही करता आला. वर्गात हे दाखवायला बंदूक नको. पुठ्ठ्याची निमुळती पेटी करा, खडूचे तुकडे दोन रांगांत भरा आणि एका तोंडातून बाहेर काढून पाहा. किती वेळा अडकतात, ते मुलांनाच मोजू द्या.