मेंढालेखाचें राखलेलें रान

उद्यानमंडळ म्हटलें म्हणजे वर्गणीदार सभासद, फुलांचें प्रदर्शन आणि उत्तम गुलाबास मिळणारें पारितोषिक एवढें चित्र शहरवासीयांच्या डोळ्यांपुढें उभें राहतें. पुण्याची एम्प्रेस बाग सांभाळणारी संस्था १८३० सालची. तिची परंपरा खरोखर मोठी आहे. परंतु झाडें राखण्यासाठीं माणसें आपखुशीनें एकत्र आल्याचें विलक्षण उदाहरण पाहावयाचें असेल, तर गडचिरोली जिल्ह्यांतील धानोरा तालुक्यांत मेंढालेखा या गांवीं जावें लागेल. तेथें वर्गणी नाहीं, कुंड्या नाहींत. शंभराच्या आंतबाहेर घरें, वस्ती गोंडांची, आणि राखावयाचें रान मात्र सुमारें १,८०० हेक्टर.

हा मुलूख १९८२ पर्यंत चंद्रपूर जिल्ह्यांतच मोडत असे. त्याच सुमारास गोदावरीवरील इचमपल्ली आणि इंद्रावतीवरील भोपालपट्टणम् या धरणांच्या योजना पुढें आल्या. विस्तीर्ण अरण्य पाण्याखालीं जाणार हें दिसतांच 'जंगल बचाव, मानव बचाव' ही चळवळ उभी राहिली व त्या योजना मागें पडल्या. धरणें टळलीं, पण ज्या रानासाठीं लोक घराबाहेर पडले, तें राखतो कोण आणि तोडतो कोण, हा प्रश्न घरीं परतल्यावर उरलाच. गांवचे देवाजी तोफा आणि 'वृक्षमित्र' संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल यांनीं येथें अभ्यासगटाची पद्धत रुजविली. आधीं माहिती जमवावयाची, तीवर बोलत बसावयाचें, आणि निर्णय ग्रामसभेंत, तोहि सर्वसंमतीनें. एकाचा विरोध असला तरी विषय पुढच्या सभेवर जाई. हा प्रकार वेळखाऊ आहे खरा. पण पहारा ठेवावयाचा तो स्वतःवर आणि शेजाऱ्यावरच, तेव्हां नियम न पटलेला एक मनुष्यहि तेथें महाग पडतो.

नियम साधेच ठरले. घरच्या गरजेपुरतें लांकूड व बांबू न्यावा. वणवा लागूं देऊं नये. परक्यानें ग्रामसभेच्या परवानगीवांचून रानास हात लावूं नये. ओघळींना दगडांचे बांध घालावे, आणि पाळीपाळीनें गस्त घालावी. शासनाचा १९९२ चा संयुक्त वनव्यवस्थापनाचा ठराव निघाला, तेव्हां मोठी गंमत झाली. त्या ठरावाचा रोख उजाड झालेल्या वनांकडे. मेंढ्याचें वन दाट, म्हणून तें त्यांत बसेना! रान राखल्याचा हा असा दंड. गांवकऱ्यांनीं हट्ट सोडला नाहीं, व अखेर त्यांचें म्हणणें मान्य झालें.

खरी कसोटी लागली ती बांबूवर. पावसाळ्यांत बांबूच्या बेटांतून जे कोवळे कोंब वर येतात, त्यांस विदर्भांत वास्ते म्हणतात. त्यांना आधार व पोषण जुन्या काठ्यांचें. म्हणून पिकलेली काठी काढावी, नवी राखावी, आणि बेट ओरबाडूं नये, हें ज्याला त्याच बेटाकडे पुढच्या वर्षीं परत यावयाचें आहे त्यालाच जपावेंसें वाटतें. या भागांतला बांबू मात्र दीर्घ मुदतीच्या करारानें बल्लारपूरच्या कागद गिरणीकडे जात असे. गांवकरी त्यास विरोध करीत राहिले. वनस्पतिशास्त्राप्रमाणें बांबू हें गवत. १९२७ च्या वनकायद्यानें त्यास वृक्षांत गणलें. २००६ च्या वनहक्क कायद्यानें तो गौण वनोपज ठरविला. या शब्दांच्या फरकावर गांवची मिळकत लटकत होती.

२००९ सालीं मेंढालेखास त्या रानावरील सामूहिक हक्क मिळाला. देशांत असा हक्क मिळालेल्या पहिल्या गांवांपैकीं तें एक होय. तरी पेंच सुटला नाहीं. हक्क गांवचा, पण बांबू रानाबाहेर न्यावयाचा तर वाहतूक परवाना हवा, आणि तो देणें वनखात्याच्या हातीं! दोन वर्षें बांबू उभा होता आणि गिऱ्हाइकहि होतें, पण विक्री अडून राहिली. शेवटीं २७ एप्रिल २०११ रोजीं केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गांवांत आले, आणि परवान्यांचें पुस्तकच ग्रामसभेच्या स्वाधीन करण्यांत आलें. तेव्हांपासून बांबू किती तोडावा, कोणाला विकावा व आलेला पैसा कशावर खर्चावा, हें ग्रामसभा ठरवूं लागली. पुढें २०१३ सालीं त्याच सभेनें गांवची शेतजमीनहि १९६४ च्या ग्रामदान कायद्याखालीं सर्वांची करण्याचा ठराव केला.