जेमिनी-४चा फसलेला पाठलाग

३ जून १९६५. जेमिनी-४ कक्षेत पोचले, तेव्हा त्याला वर नेणाऱ्या टायटन रॉकेटचा रिकामा दुसरा टप्पा जवळच फिरत होता. त्याच्या शेजारी जाण्याची कामगिरी कप्तान जेम्स मॅकडिव्हिट यांच्याकडे होती. त्यांनी यानाचे तोंड तिकडे वळवले आणि जोर दिला. काही वेळाने अंतर वाढलेलेच दिसले. पुन्हा प्रयत्न, पुन्हा तेच. जवळजवळ निम्मे इंधन संपल्यावर नाद सोडावा लागला.

ही वैमानिकाची चूक म्हणून सांगितली जाते. मला तो अन्याय वाटतो. यानावर रडार नव्हते, आणि विमान चालवून घडलेल्या हातांना समोरच्याला गाठण्याची हीच रीत ठाऊक होती. कक्षेत ती उलटते. पुढे जोर दिला की कक्षा फुगते, फेरीला जास्त वेळ लागतो आणि यान मागे पडते. ३०० किलोमीटर उंचीवरची फेरी सुमारे साडेनव्वद मिनिटांची, तर ४०० किलोमीटरवरची साडेब्याण्णव मिनिटांची. म्हणून पुढच्याला गाठायचे तर आधी वेग कमी करून खाली उतरायचे. त्या आतल्या वाटेवर दर फेरीला दोन मिनिटे, म्हणजे सुमारे नऊशे किलोमीटर, पदरात पडतात. मग नेमक्या क्षणी वर चढायचे. याचे मूळ असलेला केप्लरचा तिसरा नियम १६१९ मध्येच छापला गेला होता!

प्रश्न एका रिकाम्या टप्प्याचा नव्हता. चंद्रावर उतरलेल्या छोट्या यानाने वर येऊन चंद्राभोवती फिरणाऱ्या मुख्य यानाला गाठायचे, असे नासाने १९६२ मध्ये ठरवले होते. ती गाठ चुकली असती, तर दोन माणसे परत आली नसती.

१५ डिसेंबर १९६५ रोजी शिरा आणि स्टॅफर्ड यांचे जेमिनी-६ खालच्या कक्षेत शिरले, तेव्हा जेमिनी-७ सुमारे दोन हजार किलोमीटर पुढे होते. रडार आणि संगणकाच्या मदतीने, टप्प्याटप्प्याने कक्षा उंचावत, सुमारे सहा तासांत त्यांनी ते गाठले. पुढे दोन्ही यानांत फूटभर अंतर उरले.

बझ ऑल्ड्रिन यांनी १९६३ मध्ये एमआयटीत डॉक्टरेट मिळवली, ती याच विषयावर. नोव्हेंबर १९६६ मध्ये जेमिनी-१२चे रडार ऐन पाठलागात बंद पडले. ऑल्ड्रिन यांनी सेक्स्टंटने कोन मोजले, सोबतच्या तक्त्यांवरून आकडे काढले, आणि त्या आधारावर लव्हेल यांनी यान एजेनाला नेऊन जोडले.