वाड्याचा दरवाजा आणि पेटीचा चोरकप्पा

मागच्या व्याख्यानानंतर एका गृहस्थांनी विचारलं, "सर, घरात व्हीपीएन घ्यायचं ठरलंय. राउटरवर बसवू की प्रत्येकाच्या मोबाइलवर?" तत्त्वज्ञानाच्या मास्तरला हा प्रश्न, म्हणून सभागृहात थोडी खसखस पिकली. आम्हीही हसलो. पण घरी जाताना जाणवलं, की प्रश्न यंत्राचा कमी आणि घराचा जास्त आहे. तेव्हा आज त्यावरच बोलू.

व्हीपीएन म्हणजे इंटरनेट कंपनीच्या तारांतूनच काढलेला बोगदा. कसारा घाटात गाडी बोगद्यात शिरली की डोंगरावरच्या माणसाला दिसत नाही, पलीकडे निघाली की दिसते. तसंच हे. बोगद्याचं तोंड घराच्या दारात ठेवायचं की प्रत्येकाच्या हातात, एवढाच वाद आहे.

मुळात ही सोय घरासाठी नव्हतीच. १९९५ मध्ये आयपीसेकची पहिली मानकं प्रसिद्ध झाली आणि दोन गावांतल्या दोन कचेऱ्या जोडायला ती फार उपयोगी पडली. बोगदा इमारतीपासून इमारतीपर्यंत. आत बसलेल्या कारकुनाला त्याचा पत्ताही नसे. पुढच्याच वर्षी मायक्रोसॉफ्टमध्ये गुरदीप सिंग पाल आणि सहकाऱ्यांनी पीपीटीपी पुढे आणलं आणि फिरतीवरचा माणूस हॉटेलातून कचेरीशी जोडला जाऊ लागला. २००१ मध्ये जेम्स योनन यांनी ओपनव्हीपीएन प्रसिद्ध केलं. मध्य आशियात प्रवास करताना, परक्या देशांच्या तारांवरून कचेरीचं काम करावं लागलं, तिथे त्यांना ही गरज जाणवली. म्हणजे राउटरवरच्या व्हीपीएनचा पूर्वज इमारत आणि मोबाइलवरच्याचा पूर्वज प्रवासी. घरचा राउटर या गोष्टीत उशिरा आला. लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी५४जी या निळ्या-काळ्या डबीतलं सॉफ्टवेअर २००३ मध्ये खुलं झालं, त्यातून पुढे ओपनडब्ल्यूआरटी निघालं, आणि हौशी लोक घरच्या डबीतच बोगदा खणू लागले.

आता जरा आपल्या गावात या. १९०९ साल. बाबाराव सावरकरांच्या नाशिकच्या घराची झडती झाली. बॉम्ब कसा करावा हे सांगणारी, दाट टाइप केलेली साठेक पानं सापडली. त्याच सुमारास लंडनहून चतुर्भुज अमीन मुंबईला उतरला. त्याच्या पेटीला दुहेरी तळ होता आणि त्यात वीस ब्राउनिंग पिस्तुलं. घर पोलिसांना ठाऊक होतं, पेटी नव्हती. पिस्तुलं आली, त्यांतल्याच एकातून डिसेंबरमध्ये विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्या घटनेचं राजकारण आज बाजूला ठेवू. आम्हाला रस आहे तो चोरकप्प्यात. घराचा दरवाजा कितीही भक्कम असला, तरी तो घरात असणाऱ्यांनाच झाकतो. पेटीतला कप्पा माणसाबरोबर फिरतो. आणि तो मालकाच्या स्वतःच्या घरच्यांपासूनही वस्तू लपवतो! हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा.

आमच्या घरची गोष्ट सांगतो. मुलगा परगावी, इथे आम्ही दोघं, सूनबाई आणि नातू. सूनबाई घरूनच काम करतात. गेल्या वर्षी आम्ही मोठ्या हौसेने राउटरवर व्हीपीएन बसवून घेतलं. वाटलं, वाड्याला एकच दार, त्याला एकच कुलूप, सगळे सुखी. पहिल्याच आठवड्यात आमचं पेन्शनचं खातं बँकेने अडवलं, कारण त्यांच्या लेखी आम्ही परदेशातून शिरत होतो. टीव्ही रडू लागला. राउटरचा लहानसा प्रोसेसर सगळ्यांचं सांकेतिकीकरण करताना दमतो, हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. २०२० मध्ये लिनक्समध्ये आलेलं वायरगार्ड हलकं आहे, पण आमची डबी जुनी. सूनबाईंच्या लॅपटॉपवर कंपनीचा बोगदा आधीच होता, म्हणजे बोगद्यात बोगदा. आणि नातू मोबाइल घेऊन कॉलेज रोडला गेला की संरक्षण संपलं. वाड्याचं दार वाड्यातच राहणार.

या सगळ्या गैरसोयी निस्तरता येतात. खरा प्रश्न सूनबाईंनी विचारला. "बाबा, आता मी कुठल्या साइटवर जाते ते इंटरनेट कंपनीला कळणार नाही. पण तुम्हाला?"

आम्ही गप्प बसलो. कारण उत्तर होतं, कळू शकतं. आज बहुतेक साइटींवरचा मजकूर तसाही बंद लिफाफ्यात जातो, पण पाकिटावरचा पत्ता राउटरला दिसतो आणि राउटरची किल्ली आमच्याकडे. बोगदा तिच्या लॅपटॉपवर सुरू झाला, तर राउटरला एवढंच दिसतं की काहीतरी बोगद्यात शिरलं. २०१७ च्या पुट्टस्वामी निकालात नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणाला मूलभूत हक्क मानलं, तेव्हा याच व्यासपीठावरून आम्ही टाळ्या घेतल्या होत्या. तो हक्क माणसाचा आहे, कुटुंबप्रमुखाचा नाही, हे स्वयंपाकघरात उभं राहून ऐकावं लागलं.

आणखी एक. बोगदा कुठेही सुरू करा, दुसऱ्या तोंडाशी कोणीतरी बसलेलाच असतो. एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इनने व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची नावं, पत्ते पाच वर्षं जपायचा आदेश दिला. तेव्हा एक्सप्रेसव्हीपीएन, नॉर्डव्हीपीएन यांनी भारतातले सर्व्हरच हलवले. त्यामुळे फुकट व्हीपीएन घेणाऱ्यांनी आधी त्या पलीकडच्या माणसाचं पोट कशावर चालतं ते विचारावं.

तर त्या गृहस्थांना आमचं उत्तर असं. टीव्हीसारख्या वस्तूंवर व्हीपीएन चढवणं अवघड. झाकायच्याच असतील तर राउटर बरा. बँकेचं काम बोगद्याबाहेर. आणि माणसांचं ज्याचं त्याच्या यंत्रावर, ज्याला हवं त्याने. आमच्याकडे आता तसंच आहे. जुन्या डबीचा पासवर्ड सूनबाईंनी बदलला. नवा काय, ते आम्ही विचारलेलं नाही.