अंग न धरणारा घोडा

पुरेसे खाऊनही ज्याच्या बरगड्या दिसतात अशा घोड्याची चंदी वाढवण्याची पागेत जुनी रीत आहे. पण वजन टिकते ते मुख्यतः वैरणीवर. घोड्याचे जठर लहान, जेमतेम ८ ते १५ लिटरचे. गवतातील तंतू पचवतात ते मोठ्या आतड्यातील सूक्ष्मजीव. एकाच वेळी तोबराभर दाणा दिला की न पचलेला स्टार्च तिथे पोहोचून आंबतो आणि पोटशूळ किंवा खुरांचा दाह ओढवतो. म्हणून ४५० किलोच्या घोड्याला रोज ९ ते ११ किलो सुके गवत, त्यात थोडा लसूणघास, हा पाया. कष्टाच्या घोड्याला एवढ्याने भागत नाही, हा आक्षेप खरा. मात्र त्यावर हरभऱ्याचे माप वाढवणे हा उपाय नव्हे. दाणा तीन-चार वेळांत विभागून वनस्पती तेल हळूहळू वाढवत द्यावे. त्यात धान्याच्या दुपटीहून अधिक ऊर्जा असते आणि स्टार्च मुळीच नसतो.

अर्थात आधी तोंड पाहावे. दाढांच्या कडा धारदार झाल्या की घोडा अर्धवट चावलेले गवताचे बोळे गव्हाणीत टाकतो. मग कितीही घाला, अंगी लागत नाही. जंत आणि जठरव्रण हीही नेहमीची कारणे. वजनकाटा नसेल तर हेनेके यांची १९८३ची १ ते ९ अंकांची श्रेणी वापरतात: बरगड्या हाताला सहज लागाव्यात, डोळ्यांना दिसू नयेत, ही ५ची खूण.