झुंजीचे मैदान आणि भिंतीतली फट

मोबाईल हातोहाती आल्यापासून नंदुरबार, शहादा, नवापूरच्या पोरांना फायटिंग गेम नवा राहिलेला नाही. पडद्यावर दोन योद्धे समोरासमोर उभे असतात, वर त्यांच्या ताकदीच्या दोन पट्ट्या असतात आणि मागे एखादा पूल, राजवाडा किंवा बाजार. या मागच्या जागेला ‘स्टेज’ म्हणतात. खेळणाऱ्याचे सगळे लक्ष योद्ध्यावर असते. गेम बनवणारे मात्र जागेवरही तेवढीच मेहनत घेतात, कारण जागा बदलली की लढतीची रीत बदलते.

‘स्ट्रीट फायटर टू’ हा जपानी गेम १९९१ सालचा. त्यात धालसिम नावाचा भारतीय योगी लढतो. त्याच्या स्टेजवर दोन्ही बाजूंना हत्ती उभे आहेत. ते सोंड हलवतात, ओरडतात, पण लढतीत पडत नाहीत. ते नुसती सजावट आहेत. पुढच्याच वर्षी अमेरिकेत ‘मॉर्टल कोम्बॅट’ आला. त्यातल्या ‘द पिट’ या स्टेजवर अरुंद पूल आहे आणि खाली अणकुचीदार सुळे. सामना जिंकताना शेवटचा ठोसा हनुवटीखालून वर मारला की हरलेला थेट सुळ्यांवर पडतो. १९९३ च्या ‘व्हर्च्युआ फायटर’मध्ये रिंगणाबाहेर पाऊल गेले की हार. म्हणजे कडासुद्धा शत्रूच. पुढे मैदानात धोके पेरण्याचे हे तंत्र इतके वाढले की २०१८ च्या ‘सुपर स्मॅश ब्रदर्स अल्टिमेट’मध्ये स्टेजवरचे धोके बंद करण्याचे बटणच द्यावे लागले. स्पर्धेत गंभीरपणे खेळणाऱ्यांना साधे मैदान हवे असते. नशिबापेक्षा कसब दिसावे, एवढीच त्यांची मागणी.

ही युक्ती जपान-अमेरिकेच्या कंपन्यांची, असे वाटू शकते. पण मैदानातच धोका बांधून ठेवायचा आणि वरून तमाशा पाहायचा, ही कल्पना आपल्याकडे काही शतके जुनी आहे. तिच्या खुणा नंदुरबारवरून जाणाऱ्या जुन्या रस्त्याच्या दोन्ही टोकांना सापडतात. फरक एकच. तिथे मरणारी माणसे खरी होती.

बादशाही मैदान: मधोमध मातीची भिंत

सतराव्या शतकात सुरत बंदरातून आग्र्याकडे जाणारा एक मोठा मार्ग नवापूर, नंदुरबार, थाळनेर करत बऱ्हाणपूरला पोहोचायचा. फ्रेंच जवाहिऱ्या टॅव्हर्निअर याच वाटेने गेला. नवापूरच्या बारीक, कस्तुरीसारख्या वासाच्या तांदळाचे त्याने केलेले कौतुक प्रसिद्ध आहे. ‘ऐन-इ-अकबरी’त नंदुरबार हे माळवा सुभ्यातले एक सरकार म्हणून नोंदलेले आहे. म्हणजे आजचा हा आडबाजूचा वाटणारा जिल्हा त्या काळी बादशाही हमरस्त्यावर होता. या रस्त्याच्या उत्तर टोकाला, आग्रा आणि दिल्लीत, हत्तींच्या झुंजी चालत. हत्ती झुंजवण्याचा मान फक्त बादशहाचा होता. अमीर-उमरावांना तो नव्हता. त्यामुळे झुंजीचे मैदान ही करमणुकीची जागा तर होतीच, शिवाय सत्ता कुणाची आहे हे दाखवण्याचीही ती जागा होती.

हे मैदान कसे आखलेले असे, याचे तपशीलवार वर्णन औरंगजेबाच्या काळात हिंदुस्थानात राहिलेल्या बर्नियर या फ्रेंच वैद्याने केले आहे. नदीकाठच्या वाळवंटात मातीची भिंत उभारायची. रुंदी तीन-चार फूट, उंची पाच-सहा फूट. दोन हत्ती भिंतीच्या दोन बाजूंनी समोरासमोर आणायचे. भिंत असल्यामुळे ते एकदम एकमेकांच्या कुशीत घुसू शकत नाहीत. डोक्याला डोके, सोंडेला सोंड, असा मारा सुरू होतो आणि झुंज लांबते. शेवटी जोरकस हत्ती भिंत पाडून पलीकडे घुसतो. हत्ती ऐकेनासे झाले की त्यांच्यामध्ये चरख्या, म्हणजे आगीची चक्रे, सोडून त्यांना वेगळे करायचे.

आखणीच्या दृष्टीने हे डोके लढवून केलेले काम आहे. भिंत झुंज थांबवत नाही, लांबवते. प्रेक्षकाला जे पाहायचे आहे ते जास्त वेळ दिसावे, हा तिचा हेतू. गेमच्या स्टेजची आखणी करणाऱ्याला हा विचार लगेच ओळखू येईल.

पण बर्नियरने आणखी एक गोष्ट लिहून ठेवली आहे. प्रत्येक हत्तीवर दोन माणसे बसवत. मानेवरचा माहूत पडला, तर त्याची जागा घ्यायला मागे दुसरा तयार असावा म्हणून. माणूस पडणार हे आखणीतच गृहीत धरलेले होते. झुंजीच्या दिवशी हे माहूत बायकामुलांचा असा निरोप घेऊन निघत, जणू त्यांना फाशीची शिक्षा झाली आहे. जिवंत उतरले तर पगारवाढ आणि पैशांची थैली. मेले तर पगार विधवेला आणि जागा मुलाला. मुलाला जागा म्हणजे पुढची झुंज मुलाची. काठावर उभे असलेले बघेही पळापळीत हत्तींच्या नाहीतर गर्दीच्या पायाखाली सापडत. बादशहा मात्र उंचावर झरोक्यात.

मे १६३३ मध्ये आग्र्याला शाहजहानसमोर सुधाकर आणि सूरत सुंदर या हत्तींची झुंज लागली होती. सुधाकर बिथरून चौदा वर्षांच्या औरंगजेबावर चालून गेला आणि शहजाद्याने घोड्यावरून त्याच्यावर भाला चालवला, हा प्रसंग बहुतेकांनी ऐकलेला असतो. ‘पादशाहनामा’त त्याचे चित्रही आहे. एरवी बघ्याच्या जागी असलेला राजपुत्र त्या दिवशी मैदानातल्या धोक्यात सापडला, म्हणून ती घटना इतिहास झाली. माहूत तर प्रत्येक झुंजीत त्याच धोक्यात असायचा. हत्तींची नावे टिकली, माहुतांची नावे कुणी सांगत नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. जनावरांना एकमेकांविरुद्ध चिथावून झुंजवण्यास पैगंबरांनी मनाई केल्याची हदीस अबू दाऊद आणि तिर्मिजी यांच्या संग्रहांत आहे. बादशहांच्या दरबारात ती माहीत असणारे उलेमा नक्कीच होते. तरी झुंजी चालल्या. राजाची हौस आणि राजाचा धर्म यांत हौस जिंकते, हे केवळ मुसलमान राजांपुरते खरे नाही. मराठी राजांच्या दरबारातही तेच दिसते.

बडोद्याचे मैदान: भिंतीतल्या फटी

त्याच रस्त्याचे दुसरे टोक पश्चिमेला. नवापूरहून सुरतेकडे निघाले की जिल्हा ओलांडल्यावर थोड्याच अंतरावर सोनगड लागते. पिलाजी गायकवाडांनी १७१९ च्या सुमारास हा किल्ला घेतला आणि गायकवाडांची सत्ता इथूनच गुजरातभर पसरली. पुढे राजधानी बडोद्याला गेली. मोगल बादशाही खिळखिळी झाल्यावर हत्ती झुंजवण्याचा बादशाही मान ज्या संस्थानिकांनी स्वतःकडे घेतला, त्यांत बडोद्याचे गायकवाड आघाडीवर होते. बडोद्यात यासाठी कायमचे बांधीव मैदान होते. त्याला अगड म्हणत. पाणीगेट भागात त्याच्या खुणा आजही दाखवल्या जातात.

१८६० च्या दशकात खंडेराव गायकवाडांच्या वेळी लुई रुसले हा फ्रेंच प्रवासी बडोद्यात राहिला. त्याने पाहिलेले अगड लांबरुंद, चारी बाजूंनी उंच भिंतींचे होते. भिंतींत ठिकठिकाणी अरुंद दारे ठेवलेली. माणूस आत सटकू शकेल, हत्ती शिरू शकणार नाही, एवढ्याच रुंदीची. कारण इथे हत्तीशी हत्ती तर लढायचाच, पण हत्तीपुढे माणूसही उतरायचा. हीच साठमारी. मस्तीत आलेल्या हत्तीला डिवचायचे, अंगावर घ्यायचे आणि शेवटच्या क्षणी फटीत शिरायचे. घोडेस्वारही उतरत. हत्तीच्या सोंडेत सापडू नये म्हणून घोड्याचे शेपूट आखूड कापलेले असे.

आग्र्याच्या वाळवंटापेक्षा हे मैदान एका अर्थाने सुधारलेले होते. इथे जीव वाचवण्याची जागा आखणीतच होती. पण ती फट सुटकेसाठी होती तशीच तमाशासाठीही होती. साठमार पहिल्याच धडकेत मेला तर खेळ संपेल. तो पुन्हापुन्हा वाचला तरच खेळ रंगेल. म्हणून फट अगदी जवळ नको आणि अगदी दूरही नको.

याच बडोद्यात रुसलेने नखीची कुस्तीही पाहिली. पैलवानांच्या मुठीला शिंगाची नखे बांधायची, त्यांना भांग-अफू पाजायची आणि एकमेकांची कातडी फाडायला सोडायचे. इथे धोका जमिनीवरून उचलून हातात दिला होता. नशा कशासाठी, हे वेगळे सांगायला नको. शुद्धीवरचा माणूस अशा लढतीत फार वेळ टिकत नाही.

१८७५ च्या नोव्हेंबरात प्रिन्स ऑफ वेल्स बडोद्याला आला, तेव्हा त्यालाही हत्तींची झुंज दाखवण्यात आली. त्याच वर्षी नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा बारा वर्षांचा शेतकऱ्याचा मुलगा दत्तक जाऊन सयाजीराव म्हणून गादीवर बसला होता. काही महिन्यांपूर्वी ज्याने गावाबाहेरचे जग पाहिले नव्हते, तो आता अगडाचा धनी होता. शाहू महाराजांचे सासर बडोद्याचे. त्यांनाही साठमारीचा नाद होता. कोल्हापुरात साठमारी नावाचा भाग आजही आहे.

खासबाग: धोका काढून टाकलेले मैदान

मात्र शाहू महाराजांनीच पुढे असे मैदान बांधले, ज्याच्या आखणीत उलटा विचार आहे. १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी ते विलायतेला गेले. त्या प्रवासात रोमचे भव्य आखाडे त्यांच्या पाहण्यात आले आणि त्यातून खासबाग मैदानाची कल्पना सुचली, असे सांगतात. १९१२ मध्ये मैदान पूर्ण झाले. रोमच्या कोलोसिअमच्या जमिनीखाली पिंजरे आणि सापळे होते. जनावर कुठून वर येईल, याचा नेम नसे. खासबागेत महाराजांनी रोमकडून वाटीसारखा आकार घेतला, सापळे घेतले नाहीत. उतारावर बसलेल्या शेवटच्या माणसालाही मधला हौद नीट दिसतो. लढणाऱ्यांसाठी मात्र तिथे माती आणि समोरचा गडी यांशिवाय काही नाही. उद्घाटनाच्या वेळची कुस्ती पंजाबच्या गामाचा भाऊ इमामबक्ष आणि गुलाम मोहिद्दीन यांच्यात झाली. मराठा राजाच्या मैदानात दोन मुसलमान मल्ल लढले आणि लोकांनी जात-धर्म न पाहता डाव पाहिला.

हौदाची माती हीसुद्धा आखणीच आहे. लाल माती चाळून घेतात. तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर घालतात. माती मऊ राहते, खरचटले तर जखम चिघळू नये असाही त्यामागे विचार असतो. लढतीआधी पैलवान स्वतः खोऱ्याने हौद खणतात. त्यात व्यायाम होतो आणि खडा, काच, काटा हाताला लागतो. म्हणजे बादशहाच्या मैदानात मालक धोका पेरायचा आणि इथे लढणारा स्वतः धोका वेचून काढतो.

याचा अर्थ कुस्तीत इजा होत नाही, असा नाही. पैलवानाचे मोडलेले कान, निखळलेले खांदे सगळ्यांनी पाहिलेले आहेत. शिवाय जागा बदलली की चांगला मल्लही अडखळतो. खाशाबा जाधव मातीत घडलेले. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये मॅटची सवय नसताना ते सहावे आले आणि सराव करून १९५२ मध्ये हेलसिंकीला कांस्यपदक जिंकले. मैदान हा तिसरा भिडू असतो, असे पैलवान मानतात ते यासाठीच.

मैदानाला विचारायचे प्रश्न

प्राण्यांवरील क्रूरता रोखणारा १९६० चा कायदा जनावरे झुंजवणाऱ्याला तर दोषी धरतोच, पण झुंजीसाठी जागा ठेवणाऱ्यालाही धरतो. मला यातली दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. गुन्हा हत्तीचा नव्हता, माहुताचाही नव्हता. जागा आखणाऱ्याचा होता.

म्हणून कुठल्याही झुंजीच्या मैदानाला तीन प्रश्न विचारावेत. धोका दोघांना सारखा आहे का? लढणाऱ्याला बाहेर पडायला वाट आहे का? आणि धोका आखणारा स्वतः किती सुरक्षित उंचीवर बसला आहे? गेमच्या पुलावरचे सुळे दोघांना सारखे असतात आणि पडलेला योद्धा पुढच्या डावात उठून उभा राहतो. तिथे कुणाची बायको निरोप द्यायला दारात येत नाही. पोरांनी तो गेम खेळला म्हणून काही बिघडत नाही. त्याच पोरांना माहुताची गोष्ट माहीत नसेल, तर मात्र बिघडते.

हे प्रश्न आजच्या मैदानांनाही लागू आहेत. खानदेशात जत्रेला कुस्त्यांची दंगल भरते. शेत नांगरून किंवा नदीकाठी जागा करून फड तयार होतो, लहान पोरांच्या रेवड्यांच्या कुस्त्यांपासून सुरुवात होते, शेवटच्या जोडीवर मोठे इनाम लागते. हलगी असते, फेटे असतात, व्यासपीठावर पुढाऱ्यांसाठी खुर्च्या असतात. मान मोडली किंवा खांदा निखळला तर लगेच पाहणारा डॉक्टर आणि उभी असलेली गाडी अनेक ठिकाणी नसते. खुर्च्या मांडण्याआधी या दोन गोष्टींची सोय करावी. इनामाची रक्कम त्यासाठी थोडी कमी झाली तरी पैलवानांची तक्रार नसेल.