मॉनिटरवरील रंग आणि कागदावरील रंग

संगणकाच्या पडद्यावर उजळ, टवटवीत दिसणारे छायाचित्र छापून आले की काळवंडलेले का दिसते, हा प्रश्न डिजिटल छायाचित्रण करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला कधी ना कधी पडतो. हळदीच्या समारंभातील पिवळा रंग मातकट होतो, चेहऱ्यांवर सावळट छाया येते, शालूचा हिरवा रंग निळसर वाटू लागतो आणि दोष जातो तो छपाई करणाऱ्या लॅबच्या माथी. लॅबचे कधी चुकतच नाही असे नव्हे. परंतु पुष्कळदा चूक त्याआधीच, आपल्या टेबलावरील मॉनिटरसमोर बसून छायाचित्र ‘सुधारताना’ झालेली असते.

छायाचित्राच्या फाइलमध्ये मुळात रंग नसतातच. असतात ते आकडे. नेहमीच्या जेपेग फाइलमध्ये प्रत्येक बिंदूसाठी लाल, हिरवा आणि निळा अशा तीन घटकांचे ० ते २५५ या पट्टीतील तीन आकडे नोंदवलेले असतात. या आकड्यांचे प्रकाशात रूपांतर करण्याचे काम मॉनिटर करतो आणि प्रत्येक मॉनिटर ते आपापल्या परीने करतो. टीव्हीच्या दुकानात ओळीने मांडलेल्या संचांवर एकच कार्यक्रम चालू असतो, तरी निवेदिकेच्या साडीचा रंग प्रत्येक संचावर निराळा दिसतो, तशातलाच हा प्रकार. या गोंधळावर तोड म्हणून १९९३ मध्ये आठ कंपन्यांनी एकत्र येऊन इंटरनॅशनल कलर कन्सॉर्टियम ही संस्था स्थापन केली आणि उपकरणांच्या रंगस्वभावाची नोंद ठेवणाऱ्या ‘प्रोफाइल’ची पद्धत रूढ केली. पुढे एसआरजीबी आणि अडोबी आरजीबी (१९९८) ही रंगक्षेत्रे प्रचारात आली. दुसऱ्याचा आवाका, विशेषतः हिरव्या आणि निळसर हिरव्या छटांत, पहिल्यापेक्षा मोठा आहे.

मग मॉनिटर डोळ्यांनी पाहूनच का जुळवू नये? कारण या कामी डोळ्यासारखा भोळा साक्षीदार दुसरा नाही. पिवळ्या बल्बखाली धरलेला कागद आपल्याला पांढराच दिसतो आणि भर दुपारी गच्चीवर नेला तरी पांढराच दिसतो. प्रत्यक्षात त्यावरून परावर्तित होणारा प्रकाश दोन्ही वेळी अगदी वेगळा असतो. मेंदू तो फरक परस्पर मिटवून टाकतो. दैनंदिन व्यवहारात हे वरदानच आहे, रंगजुळणीत मात्र तो अडसर ठरतो. निळसर झाक असलेला मॉनिटर काही मिनिटांतच ‘पांढरा’ वाटू लागतो आणि आपण त्याच्यावर विसंबून छायाचित्रात पिवळेपणा वाढवत बसतो. व्यापाऱ्याचा तराजू वैधमापन खात्याकडून प्रमाणित वजनांशी ताडून घेतला जातो, तसा मॉनिटरही बाहेरच्या मापाशी ताडून पाहावा लागतो. कॅलिब्रेशन म्हणतात ते यालाच.

यासाठी कलरीमीटर नावाचे छोटे उपकरण मिळते. ते पडद्यावर मध्यभागी टेकवून ठेवायचे. संगणकातील प्रोग्रॅम त्याखाली एकामागून एक ठरावीक रंगांचे चौकोन दाखवतो. उपकरण त्यांतून येणारा प्रकाश मोजते आणि अपेक्षित व प्रत्यक्ष रंगांतील तफावत निघते. येथे दोन कामे होतात आणि त्यांची नेहमी गल्लत केली जाते. मॉनिटरची प्रखरता, पांढऱ्याची झाक, काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या पायऱ्या ठरलेल्या मापावर आणणे हे कॅलिब्रेशन. त्यानंतरही मॉनिटरचा जो स्वभाव उरतो त्याची नोंद करणे म्हणजे प्रोफाइल तयार करणे. फोटोशॉप, लाइटरूम यांसारखे प्रोग्रॅम हे प्रोफाइल वाचून रंग दाखवतात. सर्वच प्रोग्रॅम तसे करत नाहीत, त्यामुळे एकच छायाचित्र दोन खिडक्यांत निराळे दिसले तर दचकू नये.

मापे कोणती ठेवावीत? पांढऱ्यासाठी ६५०० केल्व्हिन आणि गॅमा २.२ हा सर्वमान्य पाया. खरा घोळ असतो तो प्रखरतेत. नवे मॉनिटर दुकानातील लखलखाटात उठून दिसावेत म्हणून अनेकदा २५० कँडेला प्रति चौरस मीटर किंवा त्याहूनही अधिक उजळ येतात. घरातील बेताच्या प्रकाशात छायाचित्रे छपाईसाठी तयार करायची तर ८० ते १२० पुरेसे असते. मॉनिटर दुपटीने उजळ असला की छायाचित्र जास्तच उजळलेले भासते, म्हणून आपण ते थोडे गडद करतो, आणि तो गडदपणा कागदावर इमानेइतबारे उमटतो. काळवंडलेल्या छपाईचे सर्वाधिक आढळणारे कारण हेच आहे. उपकरण घ्यायचे नसेल तरी एवढी एक गोष्ट साधता येते: कोणतीही दुरुस्ती न केलेले एक चांगले छायाचित्र लॅबमधून छापून आणावे, ते चांगल्या उजेडात मॉनिटरशेजारी धरावे आणि दोन्हींचा उजळपणा सारखा वाटेपर्यंत मॉनिटरची प्रखरता कमी करावी. रंगांची बटणे मात्र अशा अंदाजाने फिरवू नयेत. ते काम उपकरणाचेच.

मोजणीपूर्वी मॉनिटर अर्धा तास चालू ठेवावा. खोलीतील उजेडानुसार आपोआप बदलणारी प्रखरता आणि रात्री पडदा पिवळसर करणारी सोय, दोन्ही बंद कराव्यात. मेहनतीने केलेल्या कॅलिब्रेशनवर संध्याकाळी सात वाजता गुपचूप पाणी पडते ते या दुसऱ्या सोयीमुळे. पडद्यावर खिडकीचे ऊन येऊ देऊ नये. भडक रंगाची भिंत किंवा लालभडक शर्टसुद्धा पडद्यावर आपली झाक टाकतो, म्हणून व्यावसायिक दालनांत भिंती करड्या ठेवतात. छापलेली प्रत पाहण्यासाठी आंतरराष्ट्रीय मानकाने ५००० केल्व्हिनचा प्रकाश ठरवून दिला आहे. घरातील निळसर ट्यूबलाइटखाली तिचा निवाडा करणे अन्यायाचे होईल.

इतके करूनही पडदा आणि कागद तंतोतंत जुळत नाहीत. पडदा स्वतः प्रकाश टाकतो, कागद दुसऱ्याचा परावर्तित करतो; मॉनिटरच्या काँट्रास्टच्या पासंगालाही कागद पुरत नाही. लॅबकडून त्यांच्या कागदाचे प्रोफाइल मिळाले तर फोटोशॉपमध्ये छपाईचा अंदाज आधीच घेता येतो. ते मागायला संकोच करू नये. आणि लॅबने एसआरजीबीमध्येच फाइल मागितली असेल तर अडोबी आरजीबीच्या मोहात पडू नये: प्रोफाइलकडे दुर्लक्ष करणाऱ्या यंत्रावर ती फाइल फिकी, निस्तेज छापली जाते.

मॉनिटरचा प्रकाशस्रोत वापराने मंदावतो, त्याची झाकही सरकते. म्हणून ही मोजणी महिन्यातून एकदा करावी. जुने, वापरलेले कलरीमीटर स्वस्तात मिळत असल्यास जपून घ्यावेत. काहींमधील रंगीत गाळण्या काळाच्या ओघात खराब होतात, तर काही उपकरणे जुन्या फ्लुरोसंट दिव्यांच्या मॉनिटरसाठी बनवलेली असल्याने आजच्या एलईडी पडद्यांवर चुकीचे माप देतात.